कडेवर फिरून आतलं कसं कळतं?

प्रश्न : मी सांगलीत वायरमनचं काम करतो. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या एम-थ्रीच्या पुस्तकात स्टोक्सचं प्रमेय आहे. ती सांगते की एखाद्या पृष्ठभागाच्या नुसत्या कडेनं फिरून केलेली बेरीज आणि त्या अख्ख्या पृष्ठभागावर केलेली बेरीज सारखीच येते. कडेनं फिरणाऱ्याला आत काय चाललंय ते कसं कळणार? शिवाय एक बेरीज लांबीवरची, दुसरी क्षेत्रफळावरची. त्या बरोबर येतीलच कशा? आणि तो पृष्ठभाग कसाही फुगवला तरी चालतो म्हणे, हे तर मला अजिबात पटत नाही. तिला खोदून विचारलं तर म्हणते, "बाबा, ते तसंच असतं, परीक्षेला येतं."

उत्तर : "तसंच असतं" म्हणून गप्प बसला नाहीत हे बरं केलंत. तुमच्या तिन्ही शंका रास्त आहेत. गंमत अशी की या प्रमेयाचा वापर तुम्ही मुलीच्या कितीतरी आधीपासून करताय. हत्यारांच्या पिशवीतला, जबड्यात वायर धरून करंट मोजणारा टाँग टेस्टर बाहेर काढा, त्यावरूनच बोलू.

आधी मुलीच्या पुस्तकातला 'लाइन इंटिग्रल' म्हणजे काय ते पाहू. इंटिग्रल म्हटलं की बहुतेकांना वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ आठवतं. ते इथे विसरायचं. इथे एक वाट आहे, आणि वाटेवरच्या प्रत्येक जागी कसला तरी जोर किंवा प्रवाह आहे, ज्याला मोजमापही आहे आणि दिशाही. वाटेचे बारीक बारीक तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यावर तो जोर आपल्या चालण्याच्या दिशेनं किती आहे ते पाहायचं, त्याला तुकड्याच्या लांबीनं गुणायचं आणि सगळे गुणाकार मिळवायचे. जोर सोबतीला असेल तर अधिक, विरुद्ध असेल तर उणे, आडवा असेल तर शून्य. वाट जिथून निघाली तिथेच परत आली तर ही बेरीज बंद फेरीची झाली. 'सरफेस इंटिग्रल'मध्ये वाटेच्या जागी पृष्ठभाग येतो. त्याचे छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यातून आरपार किती गेलं ते मिळवत जायचं.

आता टाँग टेस्टर. वायरमधून करंट वाहतो तेव्हा वायरभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते वायरला गोल वेढून असतं. जबडा मिटला की लोखंडी पत्र्यांची एक बंद कडी वायरभोवती बसते. या कडीवरून एक फेरी मारून चुंबकीय क्षेत्राची बेरीज केली, तर ती कडीतून आरपार जाणाऱ्या एकूण करंटच्या प्रमाणात येते. हा अँपिअरचा नियम. त्यात कडेवरची बेरीज एका बाजूला आहे आणि आतून आरपार गेलेलं दुसऱ्या बाजूला. स्टोक्सचं प्रमेय नेमकं हीच सांधेजोड करतं. जबडा नीट मिटला नाही किंवा त्याच्या तोंडाशी मळ बसला तर वाचन चुकतं, हे तुम्ही अनुभवलं असेल. फेरी बंद असण्याची पुस्तकातली अट ती हीच.

आकडे घालून पाहू. सरळ वायरमध्ये १० अँपिअर आहेत असं समजा. वायरपासून १० सेंटिमीटरवर क्षेत्र २० मायक्रोटेस्ला येतं. त्या अंतरावरच्या वर्तुळाचा परीघ ०.६२८ मीटर. गुणाकार १२.५७. अंतर दुप्पट करा : क्षेत्र १० मायक्रोटेस्ला, परीघ १.२५७ मीटर, गुणाकार पुन्हा १२.५७. एक मीटरवर गेलात तर २ मायक्रोटेस्ला आणि ६.२८३ मीटर, म्हणजे परत तेच. वर्तुळ जितकं मोठं होतं तितकंच क्षेत्र क्षीण होतं आणि गुणाकार जागचा हलत नाही. एक गोष्ट सहज सांगतो. आपल्या भागात पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला असतं, म्हणजे १० सेंटिमीटरवरच्या त्या वायरच्या क्षेत्राच्या दुप्पट. तरी बेरजेत ते येत नाही, कारण फेरीच्या अर्ध्या भागात ते सोबतीला असतं आणि उरलेल्या अर्ध्यात तेवढंच विरोधात.

इथवर सगळं वर्तुळाच्या मधोमध वायर धरून झालं. प्रत्यक्षात वायर जबड्याच्या एका बाजूला टेकलेली असते, आणि जबडा तरी कुठे अगदी गोल असतो? तरी वाचन बदलत नाही. म्हणजे मीटर चांगल्यापैकी असेल तर फरक किरकोळ पडतो, म्हणून तर काही मीटरच्या जबड्यावर मध्य दाखवणारी खूण असते. याचं कारण समजलं की अर्धं प्रमेय समजलं, म्हणून जरा थांबू.

वायरच्या जागी उभं राहून कडीकडे पाहतोय अशी कल्पना करा. कडीचा एक छोटा तुकडा तुम्हाला एका विशिष्ट कोनात दिसतो. तुकडा जवळ असेल तर तिथे क्षेत्र जोरदार, पण त्या कोनात मावणारी लांबी थोडी. लांब असेल तर क्षेत्र क्षीण, पण लांबी त्याच प्रमाणात जास्त. तुकडा तिरका असला तर लांबी आणखी वाढते, पण क्षेत्राचा चालण्याच्या दिशेतला भाग तेवढाच कमी होतो. म्हणजे गुणाकारात अंतर राहतच नाही, उरतो फक्त कोन. बंद फेरी मारणं म्हणजे वायरभोवतीचे सगळे कोन मोजणं. वायर आत असेल तर त्यांची बेरीज पूर्ण ३६० अंश, मग कडी वाकडी असो की चौकोनी.

आता वायर कडीच्या बाहेर ठेवा. त्या वायरकडून पाहिलं तर त्याच कोनात कडीचे दोन तुकडे दिसतील, एक अलीकडचा आणि एक पलीकडचा. फेरी मारणारा एकावरून एका दिशेनं जातो आणि दुसऱ्यावरून उलट्या दिशेनं. दोघांचे कोन सारखे, चिन्हं उलट, हिशेब शून्य. शेजारच्या वायरचं क्षेत्र जबड्यापर्यंत पोचतं, जबड्याच्या प्रत्येक बिंदूवर ते असतं, पण फेरी पूर्ण झाल्यावर त्याचं काही शिल्लक राहत नाही. डीबीमध्ये वायरांची एवढी गर्दी असताना तुमचा मीटर जबड्यातल्या एकाच वायरचा करंट दाखवतो तो म्हणूनच.

तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर यातच आहे. कडेनं फिरणाऱ्याला आतलं सगळं कळतं, हाच मुळात गैरसमज. त्याला कळते फक्त निव्वळ बेरीज. जबड्यात ३० अँपिअरची एक वायर घाला किंवा १० अँपिअरच्या तीन घाला, वाचन तेच. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम घाला, वाचन शून्य. आत मात्र दोन्ही वायरींमधून करंट जोरात वाहतोय. नवशिका पोरगा अख्खी केबल जबड्यात धरतो आणि "लोडच नाही" म्हणतो, तो याच गैरसमजाचा बळी. जाणकार त्याच शून्याचा फायदा घेतो. फेज-न्यूट्रल एकत्र धरल्यावर शून्याऐवजी काही दिसलं तर तेवढा करंट वाटेत कुठेतरी गळतोय. घरातल्या आरसीसीबीच्या पोटात हेच चालू असतं : दोन्ही वायरी एकाच कडीतून जातात आणि निव्वळ बेरीज शून्यापासून ढळून ठरलेल्या मर्यादेपर्यंत, घरगुती आरसीसीबीत बहुधा ३० मिलिअँपिअरपर्यंत, पोचायच्या आत तो ट्रिप होतो.

आता मुलीच्या पुस्तकातल्या सर्वसाधारण रूपाकडे येऊ, कारण प्रमेय फक्त वायरींपुरतं नाही. कोणतंही क्षेत्र घ्या : चुंबकाचं, विजेचं, वाहत्या पाण्याचं. कडेची बेरीज आतल्या बेरजेइतकी का यावी?

एक मोठं शेत आहे आणि त्याचे वाटे होऊन लहान लहान तुकडे पडलेत. प्रत्येक वाटेकऱ्यानं आपापल्या तुकड्याच्या बांधावरून घड्याळाच्या उलट दिशेनं एक फेरी मारायची आणि वर सांगितलेली बेरीज करायची. दोन शेजाऱ्यांमधल्या सामायिक बांधावरून दोघेही चालतील, पण एक उत्तरेकडे गेला तर दुसरा दक्षिणेकडे. एकाला जे अधिक मिळालं तेच दुसऱ्याला उणे. सगळ्या वाटेकऱ्यांचे आकडे एकत्र केले की आतले सगळे बांध पुसले जातात. ज्यांच्या पलीकडे शेजारी नाही असे बाहेरच्या हद्दीचे बांध तेवढे उरतात. म्हणजे सगळ्या तुकड्यांच्या फेऱ्यांची बेरीज बरोबर अख्ख्या शेताच्या हद्दीवरच्या एका फेरीइतकी. तुकडे दहा असोत की दहा लाख, हे बदलत नाही.

प्रमेयाचा गाभा एवढाच. पुढचं काम राहतं ते एका बारक्या तुकड्याच्या फेरीचा हिशेब तुकड्याच्या आतल्या भाषेत लिहायचं. त्यासाठी कृष्णेत उतरू. नदीत मधल्या धारेला पाणी जोरात असतं आणि काठाकडे संथ होत जातं. समजा, प्रवाहाच्या दिशेनं ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद असा चौकोन आपण पाण्यावर आखला. धारेकडच्या बाजूला वेग सेकंदाला १ मीटर, काठाकडच्या बाजूला ०.६ मीटर, आणि मध्ये तो सारख्या उतारानं कमी होतो. धारेकडच्या बाजूनं प्रवाहासोबत चाला : ३ गुणिले १, म्हणजे अधिक ३. आडव्या बाजूवर पाणी चालण्याच्या दिशेला काटकोनात, म्हणून शून्य. काठाकडच्या बाजूनं प्रवाहाविरुद्ध परत या : उणे १.८. शेवटची आडवी बाजू पुन्हा शून्य. फेरीची बेरीज १.२. चौकोनाचं क्षेत्रफळ ६ चौरस मीटर, भागाकार ०.२. दर चौरस मीटरमागे मिळणारी ही फेरीची बेरीज म्हणजेच पुस्तकातला 'कर्ल'. चौकोन लहान लहान करत एका बिंदूपाशी नेला की त्या बिंदूचा कर्ल मिळतो.

आता उलटं पाहा. वेगातला फरक ०.४, तो २ मीटरच्या रुंदीवर पडलेला. म्हणजे दर मीटरला ०.२. कर्ल ही वेगाच्या बदलाची चाल आहे, वेग नव्हे. त्याला क्षेत्रफळानं गुणलं की ०.२ गुणिले ६, पुन्हा १.२. तुमच्या दुसऱ्या शंकेचं निरसन इथे होतं. लांबीवरची बेरीज आणि क्षेत्रफळावरची बेरीज सारख्या येतात, कारण दोन्हीकडे एकच गोष्ट मिळवलेली नसते. कडेवर क्षेत्र मिळवायचं आणि आत त्या क्षेत्राचा कर्ल. कर्ल काढताना एका मीटरनं भागलेलं असतं, क्षेत्रफळात एक मीटर जास्तीचा असतो. दोन्ही एकमेकांना खातात. पुष्कळ विद्यार्थी दोन्हीकडे तेच क्षेत्र ठेवून गणित मांडतात आणि मग उत्तर जुळत नाही म्हणून प्रमेयाला नावं ठेवतात.

कर्लविषयी दुसरा एक समज फार पसरलेला आहे. क्षेत्राच्या रेषा गोल फिरतात तिथे कर्ल असतो आणि सरळ असतात तिथे नसतो, असं लोकांना वाटतं. वरच्या उदाहरणात कृष्णेचं पाणी सरळ रेषेत वाहत होतं, तरी कर्ल होता. दोन काड्या आडव्या-उभ्या बांधून तयार केलेली फुली त्या जागी सोडली तर ती पुढे वाहत जाता जाता स्वतःभोवतीही गिरक्या घेईल, कारण एका बाजूनं तिला जास्त रेटा बसतो. उलट, वायरभोवतीचं चुंबकीय क्षेत्र गोल गोल फिरतं आणि तरीही वायरच्या बाहेर त्याचा कर्ल सगळीकडे शून्य असतो! सगळा कर्ल वायरच्या तांब्यात, जिथे करंट वाहतोय तिथे, साठलेला. म्हणून वायर न वेढणाऱ्या फेरीची बेरीज शून्य येते आणि वेढणारीची येत नाही. मघाचा कोनांचा हिशेब आणि हा कर्लचा हिशेब एकच गोष्ट दोन वाटांनी सांगतात.

मध्येच एक सपाट जमिनीचं उदाहरण सांगायला हवं, कारण सांगलीकर वाचक जमिनीच्या मोजणीशिवाय समाधान पावायचे नाहीत. ज्याचा कर्ल सगळीकडे बरोबर १ आहे असं एखादं क्षेत्र घ्या. मग आतली बेरीज म्हणजे नुसतं क्षेत्रफळ, आणि ते हद्दीवरून फिरून काढता येतं. कोपऱ्यांची अंतरं माहीत असतील तर गणित तोंडी होतं. समजा, एका शेताचे चार कोपरे एका कोपऱ्यापासून पूर्वेकडे आणि उत्तरेकडे मीटरमध्ये असे आहेत : (०, ०), (४०, ०), (५०, ३०), (१०, ४०). लागोपाठच्या दोन कोपऱ्यांसाठी पहिल्याचं पूर्व गुणिले दुसऱ्याचं उत्तर, वजा दुसऱ्याचं पूर्व गुणिले पहिल्याचं उत्तर. चार बाजूंचे आकडे येतात ०, १२००, १७०० आणि ०. बेरीज २९००, तिचं अर्धं १४५० चौरस मीटर, म्हणजे साधारण १४.३ गुंठे. शेताच्या आत पाऊलही टाकलं नाही. मोबाइल घेऊन बांधावरून चक्कर मारली की क्षेत्रफळ दाखवणारी ॲप्स याच जातीच्या सूत्रावर चालतात.

मोबाइल नव्हते तेव्हा हे काम पितळी यंत्रं करत. स्वित्झर्लंडच्या याकोब आम्सलर यानं १८५४ मध्ये ध्रुवीय प्लॅनिमीटर बनवला. नकाशावर त्याचं टोक हद्दीवरून फिरवायचं. दांड्यावरचं छोटं चाक, दांडा आडवा सरकला तेवढंच फिरतं आणि लांबीच्या दिशेनं सरकला तर नुसतं घसरतं. चालण्याच्या दिशेतला भाग घ्यायचा आणि आडवा सोडायचा, हा लाइन इंटिग्रलचा नियम त्या चाकानं न शिकता पाळलेला असतो. यंत्राचं स्थिर टोक हद्दीबाहेर रोवलेलं असेल तर चाक जेवढं फिरलं त्याला दांड्याच्या लांबीनं गुणलं की क्षेत्रफळ हातात. मला स्वतःला हे यंत्र स्टोक्सच्या प्रमेयापेक्षाही जास्त आवडतं, पण ते असो.

सपाट पृष्ठभागापुरत्या या रूपाला ग्रीनचं प्रमेय म्हणतात. जॉर्ज ग्रीन हा इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळचा पवनचक्कीवाला. शाळा जेमतेम पाहिलेली, आणि १८२८ मध्ये त्यानं वीज आणि चुंबकत्वावरचा निबंध वर्गणीदार गोळा करून छापला. स्टोक्सच्या नावाची कथा जास्त मजेशीर. हे प्रमेय विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, यानं २ जुलै १८५० च्या पत्राच्या ताजाकलमात स्टोक्सला लिहून कळवलं होतं. स्टोक्स केंब्रिजला प्राध्यापक. त्यानं फेब्रुवारी १८५४ च्या स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत ते 'सिद्ध करा' म्हणून घातलं. पेपर काढणाऱ्याचं नाव प्रमेयाला चिकटलं. तुमच्या मुलीला सांगा की या प्रमेयाचा जन्म नसला तरी बारसं परीक्षेच्या पेपरातच झालंय.

आता तिसरी शंका, जी तुम्हाला अजिबात पटत नाही ती. कड तीच ठेवून पृष्ठभाग कसाही फुगवला तरी उत्तर तेच का? जबड्याच्या कडेवर एक पातळ पडदा ताणला आहे अशी कल्पना करा. पडदा सपाट असेल तर वायर त्याला एका जागी भोसकून जाईल. तो पिशवीसारखा खाली लोंबता ठेवा. वायर आता जरा पुढे जाऊन भोसकेल, पण भोसकेलच. बांधांचा युक्तिवादही आठवा. त्यात शेत सपाट असलं पाहिजे असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. डोंगरउतारावरच्या तुकड्यांचे बांधही तसेच पुसले जातात. वेगळ्या शब्दांत, सपाट पडदा आणि लोंबता पडदा मिळून एक बंद पिशवी होते. बंद पिशवीला कडच नसते, म्हणून तिच्यावरची कर्लची एकूण बेरीज शून्य. जे एका पडद्यातून आत आलं तेच दुसऱ्यातून बाहेर गेलं.

एकच वायर दोनदा भोसकली तर? करंट अगदी कमी असेल तेव्हा तुम्ही वायरचे दहा वेढे जबड्यातून काढता आणि वाचनाला दहानं भागता. वायर पडद्याला दहा वेळा त्याच दिशेनं भोसकते, म्हणून बेरीज दहापट. कड मात्र होती तीच.

हे सगळं ऐकून कोणी चलाख माणूस पंख्याचा कपॅसिटर पुढे करेल. जबडा कपॅसिटरच्या एका वायरला लावा. सपाट पडद्याला वायर भोसकते, तिच्यातून करंट जातोय. आता पडदा असा फुगवा की तो वायरीला टाळून कपॅसिटरच्या दोन पट्ट्यांमधल्या प्लास्टिकच्या फिल्ममधून जाईल. तिथून विद्युतभार पलीकडे जातच नाही! कड एकच, एक पडदा म्हणतो करंट आहे, दुसरा म्हणतो शून्य. प्रमेय खोटं पडलं का?

प्रमेय खोटं पडत नाही, कारण ते निव्वळ गणित आहे. अपुरा होता तो अँपिअरचा नियम. पट्ट्यांमध्ये विद्युतभार वाहत नसला तरी विद्युतक्षेत्र सतत बदलत असतं, आणि बदलतं विद्युतक्षेत्रही करंटसारखंच चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं. तो भाग मिळवला की दोन्ही पडद्यांची बेरीज तंतोतंत जुळते. ही भर घातली जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं, १८६१-६२ च्या लेखमालेत. १८६५ मध्ये त्यानं सगळा सिद्धांत नीट मांडला आणि प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लाट आहे हे त्यातून पुढे आलं. पुस्तकांत दोन पडद्यांचा युक्तिवाद मॅक्सवेलच्या नावावर खपवतात, पण तो स्वतः चुंबकीय भोवऱ्यांच्या एका यांत्रिक कल्पनेवरून तिथे पोचला होता. हा पडद्यांचा मार्ग नंतरच्या शिकवणाऱ्यांनी सोयीसाठी पाडला. आणि १८५४ च्या त्या स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेला बसलेल्या मुलांत मॅक्सवेलही होता. एडवर्ड राउथबरोबर ते पारितोषिक त्याला विभागून मिळालं.

टाँग टेस्टरकडे परत यायचं तर त्यात हे प्रमेय एकदा नव्हे, दोनदा येतं. जबड्याच्या लोखंडावर बारीक तारेची कॉइल गुंडाळलेली असते. जबड्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं तसा कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतो. कॉइलच्या वेढ्यावरून विद्युतक्षेत्राची फेरी मारली की ती वेढ्यातून जाणाऱ्या चुंबकीय प्रवाहाच्या बदलण्याच्या चालीइतकी येते. फक्त दिशा उलट. हा फॅराडेचा १८३१ चा शोध. आधी कडीची फेरी करंटला बांधलेली, मग वेढ्याची फेरी चुंबकीय प्रवाहाला. एसी मोजणाऱ्या साध्या मीटरला डीसी का दिसत नाही, तेही यावरून कळेल : डीसीचं क्षेत्र बदलत नाही, मग कॉइलमध्ये व्होल्टेज येणार कुठून? डीसीसाठी जबड्याच्या फटीत हॉल सेन्सर बसवलेले वेगळे मीटर लागतात.

मोठ्या पॅनेलच्या बसबारला दोरीसारखा लवचीक क्लॅम्प लावलेला तुम्ही पाहिला असेल. त्यात लोखंड नसतंच. दोरीभर सारख्या आकाराचे, सारख्या अंतरावर वेढे घातलेले असतात. प्रत्येक वेढा आपल्या जागी दोरीच्या दिशेतलं क्षेत्र किती बदलतंय ते पाहतो, आणि सगळे वेढे एकापुढे एक जोडलेले असल्यानं त्यांचे व्होल्टेज आपोआप मिळवले जातात. वाटेचे तुकडे करा, सोबतीचा भाग घ्या, बेरीज करा असं वर सांगितलं होतं. ही दोरी अक्षरशः तेच करते. वॉल्टर रोगोव्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यानं १९१२ मध्ये या कॉइलवर लेख लिहिला, म्हणून तिला रोगोव्स्की कॉइल म्हणतात. दोरी कशीही वेडीवाकडी गुंडाळा, टोकं एकमेकांना नीट भिडली की वाचन बरोबर.

राहता राहिली मुलीची परीक्षा. पेपरात बहुधा असं येतं : क्षेत्र (−य, क्ष, ०) दिलंय, त्रिज्या ३ असलेला वरचा अर्धगोल दिलाय, प्रमेय पडताळा किंवा कर्लचा सरफेस इंटिग्रल काढा. नुसतं उत्तर हवं असेल तर अर्धगोलाच्या नादी लागूच नये. कड म्हणजे त्रिज्या ३ चं वर्तुळ. त्यावर क्षेत्र सगळीकडे ३ आणि नेमकं चालण्याच्या दिशेनं, परीघ ६π, गुणाकार १८π. दुसऱ्या बाजूनं, कर्ल सगळीकडे २ आणि सरळ वर. अर्धगोलाऐवजी त्याच कडेची सपाट तबकडी घ्या. तिचं क्षेत्रफळ ९π, दुणे १८π. पाच ओळींत काम संपलं. 'पडताळा' म्हटलं असेल तर मात्र दिलेल्याच पृष्ठभागावर हिशेब करावा लागतो, तिथे तबकडीची पळवाट चालत नाही.

दिशेची चूक तेवढी सांभाळायची. उजव्या हाताची बोटं कडेवरून चालण्याच्या दिशेनं वळवली की अंगठा पृष्ठभागाच्या ज्या बाजूला येतो तीच बाजू अधिक धरायची. पृष्ठभागावरचा लंब खाली घेतला आणि फेरी घड्याळाच्या उलटच ठेवली तर एकीकडे १८π आणि दुसरीकडे उणे १८π येऊन बसतं. आणि अर्धगोलाला खाली तळही लावून विचारलं असेल, तर पृष्ठभाग बंद झाला, कड उरली नाही. उत्तर शून्य लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळावं.